चालतं ना, मॅडम?

आहार-समुपदेशन म्हणजे काय खावे हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याला तेच फी घेऊन पुन्हा सांगण्याची विद्या. छत्रपती संभाजीनगरात ही विद्या बहुधा दवाखान्याच्या मागच्या खोलीत, एक्स-रेच्या दाराला लागून चालते. खोलीत वजनकाटा असतो, भिंतीवर थाळीचे रंगीत चित्र असते आणि टेबलावर रबराची पोळी, रबराचे केळे व रबरी वरणाने भरलेली वाटी असते. समोर बसणाऱ्याला फाइलवर ‘क्लायंट’ लिहितात. तो स्वतःला पेशंट म्हणवतो. सल्ला देणाऱ्या व्यक्तीला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. ती व्यक्ती पुरुष निघाली तर पहिली पाच मिनिटे ‘मॅडम कधी येणार?’ या चौकशीत जातात.

विषयाचा शास्त्रीय भाग पोस्टकार्डावर मावेल एवढाच आहे. कर्बोदके म्हणजे धान्य, कंद, साखर, गूळ, फळे यांतला ऊर्जा देणारा भाग. एका ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी. तंतू त्याच कुळातले, पण लहान आतड्यात न पचता पुढे सरकणारे. जाता जाता ते रक्तात साखर उतरण्याचा वेग कमी करतात, पोट भरल्याची खबर देतात आणि सकाळची कामे सुकर करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दर हजार किलोकॅलरींमागे १५ ग्रॅम, म्हणजे बैठे काम करणाऱ्या माणसाला रोज तीसेक ग्रॅम तंतू हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये किमान २५ ग्रॅम तंतू आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे असे सांगितले. भारतीयांच्या ताटात मात्र एकूण ऊर्जेपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीत दिसले. तेव्हा धान्य थोडे कमी आणि कोंड्यासकट, डाळी-उसळी जास्त, भाजी पुष्कळ. हे सांगायला चार मिनिटे लागतात. उरलेला पाऊण तास एका प्रश्नात जातो : ‘मॅडम, अमुक चालतं का?’ मॅडम विचारतात, ‘किती?’ क्लायंटला ऐकू येते, ‘हो.’

पहिली पायरी मागच्या चोवीस तासांत काय काय खाल्ले ते आठवून सांगण्याची. ही पद्धत जगभर वापरली जाते आणि जगभर तिच्यात एकच अडचण येते : माणसाला जेवण आठवते, खाणे आठवत नाही.

‘सकाळी काय घेतलं, काका?’

‘काही नाही. चहा.’

‘नुसता चहा?’

‘नुसता. टोस्ट बुडवायला.’

‘किती टोस्ट?’

‘बुडाले तेवढे.’

चहा हा अन्नात मोडतो यावर शहरात एकमत नाही. घरी दोन, ऑफिसात दोन, कोणी भेटले म्हणून एक आणि कोणीच भेटले नाही म्हणून एक, असे सहा कप होतात. कपाला दोन चमचे साखर धरली तर बारा चमचे, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम साखर ‘काही नाही’ या सदराखाली पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा दिवसाला सुमारे ५० ग्रॅम आहे, आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम, असा तिचा आग्रह आहे. हे ऐकल्यावर काका मॅडमकडे न पाहता पत्नीकडे पाहतात. पत्नीला सोबत आणणे ही क्लायंटची पहिली मोठी चूक असते.

‘आणि रात्री साडेदहाला फ्रीज कोण उघडतं, तेही सांगा ना.’

‘ते पाणी प्यायला.’

‘पाण्याला चमचा लागतो का?’

अनुभवी समुपदेशक म्हणूनच नवऱ्याला प्रश्न विचारतात आणि उत्तर बायकोच्या भुवयांवरून लिहून घेतात. उलट बाजूही आहे. बायको क्लायंट असली की नवरा बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसतो आणि तिच्या आहारनोंदीत एक रकाना कायम रिकामा राहतो : सगळ्यांचे झाल्यावर उरलेले. लेकराने टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाचा भात, ‘एवढ्याशासाठी काय डबा भरायचा’ म्हणून संपवलेली खीर. हे तिने खाल्लेले नसते, तिने फक्त वाया जाऊ दिलेले नसते.

दुसरी पायरी मापांची. आहारशास्त्राला वाटी हे माप फार प्रिय आहे आणि मराठी घरात वाट्या निदान चार जातीच्या असतात : रोजची, पाहुण्यांची, रुखवतात आलेली आणि जिला घरात वाटी म्हणतात पण शेजारी वाडगे म्हणतात ती. ‘एक वाटी भात’ असे लिहून दिले की प्रामाणिक क्लायंट एक वाटी तांदूळ मोजून शिजवतो. तांदूळ शिजून तिपटीच्या घरात जातो. क्लायंट सगळा संपवतो, कारण कागदावर लिहिले आहे आणि मॅडमचा शब्द मोडायचा नाही. पोळीचे माप दाखवण्यासाठी टेबलावरची रबरी पोळी पुढे केली जाते. कन्नडकडून आलेल्या एका आजींनी ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारले, ‘ही नैवेद्याची हाय का?’

आता ज्वारी. या विषयावर मराठवाड्यात जपून बोलावे लागते.

मराठवाडा ज्वारीवर वाढला. मालदांडी, परभणी मोती ही वाणांची नावे इथे वाण्याकडे यादी देतानाही घेतली जातात, आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एके काळी भाकरी रोजची आणि पोळी सणाची होती. मग कालवे आले, रेशनचा गहू आला, पोळी रोजची झाली आणि भाकरी हॉटेलच्या पाटीवर ‘गावरान थाळी’ म्हणून चढली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष जाहीर केले तेव्हा घरोघरच्या आजींनी ‘आम्ही काय सांगत होतो?’ एवढेच म्हटले. त्या खरोखर तेच सांगत होत्या. पण त्या दिवसापासून समुपदेशनाच्या खोलीत एक नवे वाक्य शिरले :

‘मॅडम, पोळ्या बंद. चार खात होतो. आता फक्त दोन भाकरी खायलोय.’

हे वाक्य विजयी मुद्रेने उच्चारले जाते, म्हणून त्यावर हिशेब मांडणे जिवावर येते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांची घटक-कोष्टके छापली आहेत. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतू आहेत. गव्हाच्या आट्यात सुमारे ६४ आणि ११. घरातली पोळी ३५ ग्रॅम पिठाची धरली तर चार पोळ्यांत ९० ग्रॅम कर्बोदके होतात. इकडे मराठवाड्याची भाकरी परातीवर थापली जाते आणि थापणारीचा हात सढळ असतो. ती ७५ ग्रॅम पिठाखाली सहसा उतरत नाही. अशा दोन भाकरींत कर्बोदके १०१ ग्रॅम भरतात. चारावरून दोनावर येऊन माणूस अकरा ग्रॅम पुढे गेलेला असतो.

‘म्हणजे ज्वारी वाईट?’

‘नाही हो. चांगली आहे.’

‘म्हणजे गहू चांगला?’

‘तोही चांगला आहे.’

‘मग मॅडम, तुम्ही सांगायल्या काय नक्की?’

प्रश्न रास्त आहे. खरे उत्तर असे की भाकरीचा मोठा गुण तिच्या सोयरिकीत आहे. ज्वारी गिरणीतून अख्ख्या दाण्याची दळून येते. तिचा मैदा करून नानकटाई भाजण्याची प्रथा अजून पडलेली नाही. तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, मेथी, पिठले, मटकीची उसळ, कांदा-मुळा असे चघळायला लावणारे पदार्थ येतात, आणि माणूस चघळत बसला की कमी खातो. पोळीबरोबर मात्र बटाट्याची भाजी, जॅम, शिकरण किंवा काल उरलेला गुलाबजामचा पाक असे काहीही येऊ शकते. हे सगळे समजावून झाल्यावर काका मान डोलावतात आणि विचारतात, ‘भाकरीला लोणी चालतं ना? नाहीतर ती घशाखाली उतरत नाही.’

ज्वारीसारखाच मान गुळाला आहे. शहराच्या चौकाचौकांत गुळाच्या चहाच्या टपऱ्या उभ्या आहेत आणि तिथे मधुमेही मंडळी उजळ माथ्याने दुसरा कप मागतात. साखर म्हणजे जवळजवळ शंभर टक्के साखर. गूळ म्हणजे सुमारे ८५ टक्के, आणि उरलेल्या जागेत थोडे पाणी, थोडे क्षार व भरपूर सदिच्छा. रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळायला फारसा वाव नसतो. तरीही ‘साखर पूर्ण बंद केली, फक्त गूळ’ असे सांगणाऱ्याचा चेहरा इतका निष्पाप असतो की मॅडमनाच अपराधी वाटते. मध, खजूर, ‘शुगर फ्री’ मिठाई आणि ‘घरची आहे’ या नावाखाली येणारी प्रत्येक वडी याच कलमाखाली येते. पौष्टिक ठरलेल्या पदार्थाला आपल्याकडे माप नसते. पदार्थ एकदा ‘चालतो’ म्हटला की तो चालत नाही, धावतो.

बिस्किटांचे प्रकरण थोडक्यात उरकता येईल. तपकिरी रंगाचे, किंचित खरखरीत आणि महाग असलेले बिस्किट तंतुमय असते, असा समज आहे. पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचली तर मैदा, तेल आणि साखर ही मंडळी यादीत वरच बसलेली सापडतात. पाकीट उलटे करण्यापूर्वी ते संपलेले असते.

तंतूंकडे वैद्यकाचे लक्ष वेधणाऱ्यांत डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाचे नाव मोठे आहे. त्याने युगांडात बरीच वर्षे काढली; ‘बर्किट लिंफोमा’ हा कर्करोग त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे मात्र हा गृहस्थ कोंड्याचा प्रचारक झाला. आफ्रिकेतल्या खेडुतांच्या आणि इंग्लंडमधल्या साहेबांच्या शौचाचे वजन ताडून पाहून, हा ऐवज जिथे तुटपुंजा तिथे इस्पितळे मोठी लागतात, अशा अर्थाचे निष्कर्ष तो भर सभेत सांगत असे, आणि १९७९ मध्ये त्याने तंतूंची बाजू मांडणारे पुस्तकही लिहिले. पाश्चात्त्य श्रोत्यांना तेव्हा अवघडल्यासारखे झाले म्हणतात. संभाजीनगरात त्याला अशी अडचण आली नसती. इथे ‘पोट साफ होतं का?’ हा प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. क्लायंट खुर्चीत बसता बसता, ओळख होण्यापूर्वी, वेळ, प्रमाण व समाधानाची पातळी यांसह सविस्तर निवेदन करतो. शेजारी पाहुणे असतील तर तेही आपले अनुभव जोडतात.

अडचण पुढे येते. घरोघरी चक्कीवरून आणलेले पीठ चाळणीने चाळले जाते आणि वर राहिलेला कोंडा दारी येणाऱ्या गायीला जातो. गाय धष्टपुष्ट असते, तिचे पोटही साफ असते. चाळणाऱ्या घरातला कर्ता पुरुष मग औषधाच्या दुकानातून इसबगोलाचा डबा आणतो. पूर्वी गरिबी आली की लोक कोंड्याचा मांडा करून खात; आता कोंडा पाकिटात, गव्हापेक्षा चढ्या भावाने मिळतो. ‘चाळू नका’ एवढा साधा सल्ला दिला तर सासूबाई दुखावतात, कारण न चाळलेल्या पिठाची पोळी काळपट होते आणि पोळीच्या रंगावरून सुनेचे माहेर ओळखण्याचा रिवाज अजून मोडलेला नाही. चाळणी किती खाते ते कळायला मैद्याकडे पाहावे : १०० ग्रॅममागे आट्यात ११ ग्रॅम तंतू, मैद्यात पावणेतीन.

काही क्लायंट मात्र आज्ञाधारक निघतात, आणि त्यांच्यापासून अधिक सावध राहावे लागते. तंतू वाढवा म्हटले की सोमवारपासून नाश्त्याला मटकी, दुपारी हरभरे, रात्री राजमा आणि झोपताना दोन चमचे इसबगोल. आतड्यातल्या जिवाणूंना इतक्या अचानक मेजवानीची सवय नसते. बुधवारी फोन येतो. ‘मॅडम, घरातले सगळे हॉलमध्ये झोपायलेत.’ तंतू आठवड्या-आठवड्याने वाढवायचे असतात आणि त्यांच्याबरोबर पाणी वाढवायचे असते. नाहीतर इसबगोल आत जाऊन फुगतो आणि ज्या तक्रारीसाठी घेतला तीच पक्की करतो. पाण्याचा विषय निघाला की खोलीत हशा पिकतो. पैठणचे जायकवाडी धरण शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तरी काही वसाहतींत नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही.

‘दिवसातून आठ-दहा ग्लास पाणी प्यायचं.’

‘रोज?’

‘रोज.’

‘रोज कामून येईल, मॅडम? आमच्याकडे सोमवारी येतं.’

फळांच्या बाबतीत शहर भाग्यवान आहे. दौलताबादच्या रस्त्याला सीताफळांच्या पाट्या लागतात, पेरू गाड्यागाड्यांवर असतो, उन्हाळ्यात मराठवाड्याचा केसर आंबा येतो. पेरू हा तर समुपदेशकांचा लाडका : १०० ग्रॅममागे साडेआठ ग्रॅम तंतू, स्वस्त, साल काढायला नको. पण पेरू चावावा लागतो आणि त्याच्या बिया दातांत अडकतात. म्हणून सुजाण नागरिक फळाचा ज्यूस करतात, तो गाळतात, चोथा फेकतात आणि त्यात साखर घालतात. फळातली जी एक गोष्ट खाण्यासाठी सांगितली होती तेवढीच कचऱ्याच्या डब्यात जाते.

लिहून दिलेला आहार-तक्ता असे गृहीत धरतो की वर्षात ३६५ साधे दिवस असतात. मराठवाड्यात तसे दिवस फार थोडे. श्रावणात उपास आले. ‘आज उपास आहे, त्यामुळे आज चार्ट नाही,’ हे निवेदन पूर्ण श्रद्धेने केले जाते. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा निव्वळ स्टार्च, तंतू नावाला. खिचडीच्या एका भरगच्च बशीत साठ-पासष्ट ग्रॅम कर्बोदके सहज बसतात, त्यावर बटाटा, वर शेंगदाण्याचे कूट, शेजारी दही-साखर. भगर त्यामानाने बरी, पण भगरीबरोबर आमटी येते आणि आमटी चांगली झाली की भगर पुन्हा येते. एकादशी आणि दुप्पट खाशी हे ज्याने कोणी म्हणून ठेवले, त्याच्याकडे नक्कीच आहारनोंदीची वही असावी.

श्रावणी शनिवारी हजारो माणसे शहरातून रात्रीच चालत खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. पंचवीसेक किलोमीटरची ही चाल म्हणजे समुपदेशकाच्या स्वप्नातला व्यायाम. वाटेत भाविकांसाठी चहा-फराळाची सोय असते. परतल्यावर ‘एवढं चाललो’ या भांडवलावर माणूस पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत खातो. पुढे मार्गशीर्ष-पौषात हुरडा येतो. कोवळी ज्वारी, गरम राखेत भाजलेली, म्हणजे तंतूंच्या दृष्टीने काहीही गैर नाही. गैर असते ते भोवती : गूळ, रेवड्या, शेव, खोबऱ्याची चटणी, आणि ‘हुरडा हलका असतो हो’ म्हणून वर घेतलेले वांग्याचे भरीत व दोन भाकरी. साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावयाला धोंडे खायला बोलावतात. ३३ अनारशांचे वाण समोर ठेवून सासू उभी असताना ‘मॅडमनी नाही सांगितलंय’ म्हणणारा जावई अजून कोणाच्या पाहण्यात नाही.

शहराचा सर्वांत जुना पेच नान-खलियाचा. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, देवगिरीचे दौलताबाद झाले, आणि लष्कराच्या भटारखान्याबरोबर हा पदार्थ आला असे इथे सांगतात. तुघलकाला राजधानी परत न्यावी लागली; नान राहिला. हळद-गुळाच्या पाण्याने तांबूस झालेला, तंदुरातून निघालेला तो मऊ नान एका क्लायंटसमोर मैदा म्हणून नोंदवला गेला, तेव्हा जुन्या शहरातल्या त्या चाचांनी अत्यंत अदबीने दुरुस्ती सुचवली : ‘मॅडम, उसमें हल्दी भी लिखो ना. हल्दी तो अच्छी रहती.’ ज्या नानापुढे सुलतानाचा हुकूम चालला नाही, त्यापुढे ए-फोर कागदावरचा तक्ता कितपत टिकावा?

लग्नसराईसाठी एक शास्त्रोक्त युक्ती आहे. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग डाळ-उसळ, शेवटी पोळी-भात, या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतर साखर कमी चढते. तसे प्रयोगांत दिसलेले आहे. बीड बायपासवरच्या लॉन्सवर ही युक्ती वापरून पाहणाऱ्याला कोशिंबिरीच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी जिलेबी, चाट आणि पावभाजी ओलांडावी लागते. एका काकांनी मात्र क्रम तंतोतंत पाळला. परतल्यावर त्यांनी कळवले की काकडी आधी खाल्ली, मग वरण प्यायले. ‘आणि जिलेबी शेवटी घेतली, मॅडम. शेवटी चालते ना?’

समुपदेशकांना खरी स्पर्धा एकमेकांची नाही. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रात दोन पंथ उभे राहिले. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. या सांगण्यामागे डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार होता. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, दर दोन तासांनी थोडे थोडे खा. दोन्ही बाजूंचे अनुयायी सोसायटीच्या कट्ट्यावर एकमेकांशी बोलेनासे झाले. सिडकोतल्या एका घरात सासरे दीक्षितांचे आणि सून दिवेकरांची. एकाच्या ५५ मिनिटांत दुसरीचे दोन तास भरायचे आणि घरातला गॅस बंद व्हायला तयार नसायचा. दोघांनी मिळून मॅडमना विचारले, ‘खरं कोण?’ मॅडमनी धोरणीपणाने त्या घरात रोज भाजी किती येते ते विचारले. पाच माणसांत पाव किलो वांगी येत होती. हा आकडा निघाल्यावर दोन्ही पंथ तेवढ्यापुरते शांत झाले.

समुपदेशक स्वतः काय खातात, याबद्दल लोकांना अपार कुतूहल असते. त्यांना भाजीमंडईत, लग्नात, हॉटेलात गाठून त्यांच्या ताटात डोकावणे हा शहरातला मान्य विरंगुळा आहे. (या विषयावर लिहिणारे लोकही लिहिताना हाताशी फरसाणाची बशी ठेवतात, तो कर्बोदकांचा प्रत्यक्ष अभ्यास समजावा.) निराला बाजारात पाणीपुरीच्या गाडीवर एका मॅडमना त्यांच्याच क्लायंटने रंगेहाथ पकडले.

‘मॅडम! चालतं का हे?’

‘सहा,’ मॅडम तोंडातली पुरी सांभाळत म्हणाल्या. ‘आणि आज रात्री भात नाही.’

क्लायंटने यातले ‘पाणीपुरी चालते’ एवढेच घरी नेले.

तीन महिन्यांनी पुनर्भेट असते. तिच्या आदल्या दोन दिवसांत शहरात दुधी आणि कारल्याचा खप वाढत असावा. क्लायंट कडकडीत संयम पाळतो आणि रक्त द्यायला येतो. उपाशीपोटीची साखर या नाटकाला थोडी भुलते. एचबीए१सी भुलत नाही. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि त्यांच्यावर चढलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यात चुलत मेहुण्याचे लग्न असते, गणपतीचे मोदक असतात, अमेरिकेहून आलेल्या भाच्याच्या निमित्ताने झालेली पुरणपोळी असते. रिपोर्ट पाहून काका गंभीर होतात आणि लॅब बदलावी का, असे विचारतात. त्यांच्या आईंना रिपोर्टशी कर्तव्य नसते. चौऱ्याण्णव किलोंचे त्र्याण्णव झालेले असतात आणि त्या माउलीने ते पाहताक्षणी ओळखलेले असते : ‘पोरगं निम्मं झालं माझं.’ त्या संध्याकाळी शिरा होतो.

तरीही काही गोष्टी लागू पडतात, आणि त्या नेहमी लहान असतात. तीन भाकरींच्या जागी दोन, आणि त्यांतली दुसरी जरा पातळ. चहात दोनऐवजी एक चमचा; याचा शोक आठवडाभर चालतो, मग जीभ विसरते. वरण पातळ न करता घट्ट. रोज एक वाटी उसळ, वाटी मॅडमनी पाहिलेली. ज्यूसऐवजी पेरू. चाळणी माळ्यावर. हे सहा महिने टिकले तर आकडे हलतात, आणि ते हलल्याचे श्रेय शेजारणीने दिलेल्या दालचिनीच्या पाण्याला मिळते.

शेवटची पायरी आहार-तक्त्याच्या प्रसाराची; ती क्लायंट विनामूल्य पार पाडतो. बावन्न वर्षांच्या, मधुमेही, बैठे काम करणाऱ्या एका माणसासाठी बेतलेला कागद मोबाइलवर टिपला जातो आणि ‘बेस्ट डाएट, नक्की करा’ अशा शीर्षकासह कुटुंबाच्या ग्रुपवर पडतो. तिथून तो वाळूजच्या कंपनीतल्या सहकाऱ्यांना, पैठणच्या आत्याला, आत्याच्या विहीणबाईंना जातो. वाटेत त्याचा कडेचा भाग कापला जातो, कुठे चहाचा डाग पडून ‘१ भाकरी’ची ‘११ भाकरी’ होते, आणि कुस्तीच्या तालमीत जाणारा अठरा वर्षांचा भाचा व दोन जिवांची पुतणी एकाच निष्ठेने तो पाळू लागतात. मग एका दुपारी दवाखान्यात अनोळखी नंबरवरून फोन येतो.

‘मॅडम, जालन्याहून बोलायलोय. महिना झाला, तुमचा चार्ट करायलोय.’

‘तुमची फाइल आहे का आपल्याकडे?’

‘नाही, फाइल नाही. चार्ट आहे. पण वजन तीन किलो वाढलंय.’

‘काय काय खाता?’

‘चार्टमधलं सगळं खातो, मॅडम. आणि जेवणही वेळेवर करतो.’